पंप लपवू नका

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिकांकासाठी लेख मागविल्याची सूचना फलकावर लागली तेव्हा मित्रांनी मला नेहमीचे विषय सुचविले. हुंडा, आजचा तरुण, ग्रामीण जीवन वगैरे. हे विषय महत्त्वाचे आहेत याबद्दल वाद नाही, परंतु त्यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी एका वीतभरही नसलेल्या वस्तूवर लिहिणार आहे. ही वस्तू दमेकऱ्याच्या खिशात असायला हवी, पण बहुधा ती ट्रंकेच्या तळाशी, तांदळाच्या डब्यात किंवा उशीच्या अभ्ऱ्यात दडवलेली असते. ती म्हणजे श्वासाचा पंप, अर्थात इनहेलर.

मी विज्ञान शाखेचा विद्यार्थी नाही आणि डॉक्टर तर नाहीच नाही. मग या विषयात मी का पडावे, असे कोणी म्हणेल. त्यावर माझे उत्तर असे की हा प्रश्न औषधाचा जेवढा आहे तेवढाच लाजेचा, गैरसमजाचा आणि घरातल्या बोलण्याचालण्याचा आहे. तो प्रांत आम्हां कला शाखेच्या विद्यार्थ्यांचा आहे असे मी मानतो.

आमच्या घरात दोन माणसांना दम लागतो. एक माझी आजी. तिने जन्मात विडीला हात लावला नाही. पण पन्नास वर्षे तिने पऱ्हाट्या आणि गोवऱ्या चुलीत घालून, त्या धुरात बसून घरादाराच्या भाकरी थापल्या. दुसरी माझी थोरली बहीण. कापूस वेचणीचे आणि थंडीचे दिवस आले की लहानपणापासून तिची छाती वाजायची. आमचे गाव दोघींच्या दुखण्याला एकच नाव देते, दमा. त्याबरोबर एक म्हणही ऐकवते, "दमा दमासंगंच जाते." म्हणजे प्राणाबरोबरच जातो.

शब्द एक असला तरी आजार दोन आहेत. दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. धूळ, धूर, थंड हवा, सर्दी असे काही निमित्त झाले की त्या नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, चिकट कफ साठतो आणि वाट अरुंद होते. हवा आत जाते, पण बाहेर पडताना अडते; म्हणून छाती शिट्टीसारखी वाजते. हे आवळणे येते आणि जाते. मधल्या काळात माणूस चांगला धडधाकट दिसतो. आजीच्या आजाराला डॉक्टर सी.ओ.पी.डी. म्हणतात. वर्षानुवर्षांच्या धुराने नळ्या आणि फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्या कायमच्या खराब झालेल्या असतात. तो त्रास पूर्णपणे मागे फिरत नाही. हा आजार विडी-सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांचाच, असा समज आहे. पण चुलीपुढे बसणाऱ्या असंख्य बायांना तो धूम्रपानाशिवायच होतो. नळीत जोराने फुंकर मारावयाची एक साधी तपासणी असते, तिला स्पायरोमेट्री म्हणतात. या दोन आजारांतला फरक ओळखण्यास ती फार उपयोगी पडते.

दोन्ही आजारांत जे औषध आवळलेले स्नायू सैल करून श्वासाची वाट मोकळी करते, त्याला ब्रॉन्कोडायलेटर म्हणतात. माणूस त्याच्या शोधात फार दिवसांपासून आहे. धोतऱ्याचा धूर ओढण्याचा उपाय आपल्या देशात जुनाच; १८०२ च्या सुमारास तो मद्रासहून ब्रिटनमध्ये गेला आणि पुढे विलायतेत धोतऱ्याच्या सिगारेटी दमेकऱ्यांना विकल्या जाऊ लागल्या. धोतरा विषारी आहे, त्यामुळे तो प्रयोग आज कोणी करू नये. परंतु आज सी.ओ.पी.डी.च्या रुग्णांना दिवसातून एकदा ओढावयास देतात ते टायोट्रोपियम हे औषध धोतऱ्यातल्या अॅट्रोपीनच्याच कुळातले आहे. चीनमध्ये शतकानुशतके वापरल्या जाणाऱ्या एका झुडपातून १८८५ साली नागाई या जपानी शास्त्रज्ञाने एफेड्रीन वेगळे केले. पुढे थिओफायलीन आले. ते आपल्या चहातल्या कॅफीनचे भावंड. पण गुण देणारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे.

पंपाची कथा तर अशी की अमेरिकेतील रायकर या औषधकंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या तेरा वर्षांच्या मुलीला दमा होता. त्या काळी काचेच्या नळीतून रबरी फुगा दाबून औषध ओढावे लागे. तिने वडिलांना विचारले, केसांवर मारायच्या फवाऱ्यासारखे माझे औषध का नाही करता येत? त्या प्रश्नातून १९५६ साली मोजून मात्रा देणारा पहिला पंप बाजारात आला. १९६९ मध्ये साल्ब्युटामॉल हे औषध ब्रिटनमध्ये आले. आज आपण ज्याला निळा पंप म्हणतो त्यात बहुधा तेच असते. ते काही मिनिटांत गुण देते आणि तो चार ते सहा तास टिकतो.

इतके चांगले साधन हाती असताना ते आपण वापरत का नाही? आमच्या गावी याचे पहिले उत्तर मिळते ते असे, "पंपाची सवय लागली का मरेपर्यंत सुटत नाही, बापू." हे वाक्य आजीचे, पण शिकल्यासवरलेल्या माणसांकडूनही मी ते ऐकले आहे. गोळी चालते, इंजेक्शन चालते, सलाईन तर फारच मानाचे. पंप मात्र शेवटचा उपाय.

येथे थोडे गणित करून पाहावे. साल्ब्युटामॉलची एक गोळी दोन किंवा चार मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका दाबात तेच औषध शंभर मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा दहावा भाग असते. म्हणजे चार मिलिग्रॅमच्या एका गोळीत पंपाच्या चाळीस दाबांइतके औषध झाले! गोळी पोटात जाते, रक्तात मिसळते, सर्व अंगभर फिरते. म्हणून हात कापतात, छाती धडधडते. पंपातले थोडेसे औषध जेथे हवे तेथे थेट जाते. म्हणजे ज्याला आम्ही 'जहाल' म्हणून भितो ते सौम्य आणि ज्याला 'साधी गोळी' म्हणतो ते भारी, असा हा उलटा न्याय आहे. राहिली सवयीची गोष्ट. चष्मा लावणाऱ्याला चष्म्याचे व्यसन लागले असे आपण म्हणत नाही. आजार दीर्घकाळचा असेल तर औषधही दीर्घकाळचे असणार. यात औषधाचा दोष तो काय?

परंतु मित्रहो, मी पंपाचा वकील म्हणून येथे उभा नाही. पंपाला भिणाऱ्यांची चूक सांगितली. आता केवळ निळ्या पंपावर विसंबणाऱ्यांची चूक सांगणे भाग आहे. ती अधिक घातक आहे.

निळा पंप आवळलेला स्नायू सैल करतो, आतली सूज मात्र कमी करीत नाही. पावसाळ्यात घर गळू लागले की आपण गळतीखाली पातेले ठेवतो. पातेले हवेच, नाहीतर अंथरूण भिजेल. पण म्हणून कोणी घर शाकारायचे सोडून दरवर्षी पातेली वाढवीत बसत नाही. सूज कमी करणारे औषध म्हणजे घर शाकारणे होय. ते ओढण्याचे स्टिरॉइड असते. ते रोज, त्रास नसतानाही घ्यावे लागते, त्याचा गुण दिवसा-आठवड्यांनी कळतो, आणि घेतल्यावर चूळ भरावी लागते. 'स्टिरॉइड' या शब्दालाही लोक भितात. पण येथेही मात्रा मायक्रोग्रॅमांत असते.

पातेल्यांवरच भिस्त ठेवल्याने काय होते याचा इतिहास आहे. १९६० नंतरच्या दशकात ब्रिटन आणि इतर काही देशांत दम्याने मरणाऱ्यांची संख्या एकाएकी वाढली. तिचा संबंध आयसोप्रीनालीन या औषधाच्या तीव्र मात्रेच्या पंपांशी लावण्यात आला. न्यूझीलंडमध्ये १९७६ नंतर तसेच झाले. १९८९ साली तेथील संशोधकांनी फेनोटेरॉल या पंपाकडे बोट दाखविले, आणि त्याच्या वापरावर निर्बंध आल्यावर मृत्यू घटले. ब्रिटनमध्ये दम्याच्या मृत्यूंची राष्ट्रीय पाहणी झाली, तिचा अहवाल २०१४ चा आहे. ज्यांच्या तात्पुरत्या पंपांची नोंद मिळाली अशा १६५ मृतांपैकी ६५ जणांना आधीच्या एका वर्षात बारापेक्षा जास्त पंप लिहून दिले गेले होते. महिन्याला एकापेक्षा अधिक पंप संपत होता, म्हणजे घर किती गळत होते ते कळत होते. फक्त कोणी वर पाहत नव्हते. अखेर २०१९ साली 'जिना' या दम्यावरील जागतिक संघटनेने आपल्या मार्गदर्शनात स्पष्ट बदल केला. मोठ्या माणसांचा व किशोरांचा दमा केवळ निळ्या पंपावर ठेवू नये, सूज उतरविणारे औषध बरोबर असलेच पाहिजे, असे त्यात सांगितले आहे. फॉर्मोटेरॉल हे ब्रॉन्कोडायलेटर लवकर गुण देते आणि बारा तास टिकते. ते आणि स्टिरॉइड एकाच पंपात मिळते, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने तोच पंप रोजच्यासाठी व गरजेलाही वापरता येतो.

आजीच्या आजारात गणित वेगळे. तेथे दीर्घकाळ टिकणारे ब्रॉन्कोडायलेटर हाच उपचाराचा मुख्य आधार असतो. त्याने फुप्फुस नवे होत नाही. पण न्हाणीपर्यंत चालताना तीनदा बसावे लागत असेल तर एकदा बसावे लागते. म्हातारपणी हे काही थोडे नाही. उलट दम्यात दीर्घकाळ टिकणारे ब्रॉन्कोडायलेटर स्टिरॉइडशिवाय एकटे वापरणे धोक्याचे. म्हणूनच एकाचा पंप दुसऱ्याने उचलून ओढू नये. आमच्या घरी तेही झालेले आहे.

आता या दोन चुका परस्परविरुद्ध दिसतात. एक पंपाला भितो, दुसरा पंपावरच जगतो. पण विचार करता मला असे वाटते की दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे. दम लागतो तेवढा वेळच आजार असतो आणि दम थांबला की आजार गेला, ही ती समजूत. या समजुतीला आपल्या समाजात खतपाणी घालते ती लाज. हे मी पुस्तकातून शिकलो नाही, ते ताईमुळे शिकलो.

ताईचे लग्न ठरले तेव्हा तिच्या दम्याविषयी पाहुण्यांना काही सांगू नये असे घरात ठरले. कोणी कोणास बजावले नाही. न बोलताच ठरले. मी त्या वेळी दहावीत होतो. तालुक्याच्या मेडिकलमधून तिचा पंप आणण्याचे काम माझे होते. दुकानातला मनुष्य न सांगता तो वर्तमानपत्रात गुंडाळून देई आणि मीही न सांगता तो दप्तरात वह्यांच्या खाली घाली. औषध आणतो आहे की चोरीचा माल, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. आज पडतो.

डॉक्टरांनी तिला दोन पंप दिले होते. एक सकाळ-संध्याकाळ नेमाने घ्यावयाचा आणि एक दम लागल्यास. सासरी गेल्यावर तिने कोणता सोडला असेल? नेमाचा सोडला. कारण तो लपविता येत नाही. रोज सकाळी आणि रात्री पंप हलवायचा, श्वास पूर्ण सोडायचा, सावकाश आत ओढता ओढता दाबायचा, दहा आकडे मोजेपर्यंत श्वास धरायचा, मग चूळ भरायची, हे भरल्या घरात नव्या सुनेने कोठे जाऊन करावे? निळा पंप मात्र कमरेला खोचून गोठ्याच्या मागे जाऊन दोनदा दाबता येतो. म्हणजे लाजेने तिच्याकडून औषधाची निवड करून घेतली, आणि ती निवड नेमकी चुकीची होती. घर शाकारणे उघड्यावर करावे लागते. पातेले कोपऱ्यात दडविता येते.

दुसऱ्या वर्षी पौष महिन्यात एका रात्री तिला जोराचा अटॅक आला. निळा पंप संपलेला होता आणि संपला हे तिला कळले नव्हते, कारण मोकळा पंपही दाबला की फुस्स आवाज करतोच. दोन शब्द सलग बोलता येत नव्हते, तरी ती "सर्दी झाली आहे" असेच सांगत राहिली. सासऱ्यांनी शेजाऱ्याची गाडी काढून तिला रुग्णालयात नेले. तेथे प्राणवायू, वाफ आणि इंजेक्शने देऊन तिला वाचविले. आम्ही पहाटे पोचलो तेव्हा तिच्या सासूबाई बाकावर बसून होत्या. आईला पाहून त्या एवढेच म्हणाल्या, "आधी सांगतलं असतं तं आम्ही का खाल्लं असतं तुमच्या पोरीले?"

आई काही बोलली नाही. मला मात्र त्या वाक्याचे उत्तर अजून सापडत नाही. आधी सांगितले असते तर ते लग्न झाले असते का? प्रामाणिकपणे सांगायचे तर मला ठाऊक नाही. कदाचित मोडले असते. आमच्या आईवडिलांची भीती निराधार नव्हती, म्हणून त्यांना दोष देऊन मी मोकळा होऊ शकत नाही. परंतु एक गोष्ट मला कळली. लग्न मोडण्याच्या भीतीपोटी आम्ही तिचा जीव पणाला लावला होता आणि तो डाव खेळण्याचा अधिकार आम्हांला नव्हता.

याला दुसरी बाजू पैशाची आहे, तीही सांगितली पाहिजे. नेमाचा पंप निळ्यापेक्षा बराच महाग पडतो. जो स्वस्त आहे तो लगेच गुण दाखवितो. जो महाग आहे त्याचा गुण दिसत नाही. रोजमजुरी करणारा माणूस यांतला कोणता सोडील हे सांगण्यास अर्थशास्त्राचा पेपर द्यावा लागत नाही. २०१९ च्या जागतिक अंदाजानुसार जगातील दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के भारतात आहेत. परंतु दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक भारतात होतात. आजार सारखा आणि मरण इतके जास्त, यात हवेचा वाटा असेल; पण न पोचलेल्या औषधाचा वाटा मोठा आहे असे मला वाटते. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या जशा नेमाने मिळाव्यात, तसे दोन्ही प्रकारचे पंप नेमाने मिळाले पाहिजेत, ही मागणी आपण केली पाहिजे. २०१६ पासून उज्ज्वला योजनेत गॅसच्या जोडण्या मिळाल्या, ही चांगली गोष्ट झाली. पण टाकी पुन्हा भरण्यास पैसे नसले की चूल पेटतेच. आजीच्या फुप्फुसांचा प्रश्न स्वयंपाकघरात सुरू होतो, दवाखान्यात नव्हे.

आपण महाविद्यालयात काय करू शकतो? माझ्या मते चार गोष्टी सहज होण्यासारख्या आहेत. पहिली, प्रथमोपचाराच्या पेटीत निळा पंप आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडावयाची पोकळ नळी, वैद्यकीय सल्ल्याने ठेवावी. स्पेसर नसेल तर अर्ध्या लिटरच्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंप घट्ट बसेल असे छिद्र पाडूनही काम भागते. दक्षिण आफ्रिकेतील लहान मुलांवरील अभ्यासात अशी बाटली विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी ठरल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले आहे. दुसरी, परीक्षेच्या वेळी विद्यार्थ्याचा पंप त्याच्या बाकावर राहू द्यावा. तिसरी, झटका आलेल्या माणसाभोवती गर्दी करू नये, त्याला आडवे निजवू नये, बसते करून पंप द्यावा. आराम पडत नसेल, बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील तर क्षणभरही न थांबता रुग्णालयात न्यावे, हे प्राध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना ठाऊक असावे. चौथी, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो; त्यातला एक दिवस पंप कसा ओढावा हे गावकऱ्यांना दाखविण्यासाठी द्यावा. कॅप्सूलच्या पंपातली कॅप्सूल पाण्याबरोबर गिळणारी माणसे मी स्वतः पाहिली आहेत.

यांतल्या कोणत्याही गोष्टीला मोठा खर्च नाही. खर्च आहे तो एवढाच की ज्याला दमा आहे त्याने वर्गात तसे सांगावे आणि ज्याला नाही त्याने ते ऐकून हसू नये.

ताई आता बरी आहे. दोन्ही पंप तिच्या सासरी खिडकीत, आरशाशेजारी असतात. गेल्या दिवाळीत मी तिच्याकडे गेलो होतो. सकाळी चहा होण्यापूर्वी तिच्या सासूबाईंनी आतून हाक मारली, "सूनबाई, पंप घेतला का?" भाजी चिरली का, पाणी भरले का, अशा सुरात त्यांनी ते विचारले.

आमच्या घरात वीस वर्षे हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारला नव्हता. आपल्यापैकी ज्यांच्या घरी असा कोणी असेल त्यांनी तो आज घरी गेल्यावर विचारावा, एवढीच माझी विनंती आहे.